योजनेवर तळलेली भजी

दिवाकर बोरकुटे यांचं ऑफिसातलं टेबल स्वयंपाकघरात होतं, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. मध्य प्रदेशाची वाटणी होऊन छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि एवढ्या सगळ्या खात्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. मग जे घर रिकामं दिसेल त्यावर सरकारी पाटी लागली. 'पर्यायी इंधन कक्ष' या नव्याकोऱ्या खात्याच्या वाट्याला एक भाड्याचा बंगला आला. दुबे साहेब बेडरूममध्ये बसले, कारकून बैठकीच्या खोलीत बसले आणि भोपाळहून आलेल्या जुन्या फायली न्हाणीघरात गेल्या. दिवाकरराव मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. त्यांना मानाने स्वतंत्र खोली द्यायची म्हटल्यावर उरलं होतं ते स्वयंपाकघर. ओट्यावर फायली, मसाल्याच्या खणात शिक्के आणि सिंकमध्ये चहाचे कप असा त्यांचा कारभार चाले.

कक्षाला काम फारसं नव्हतं, आणि दिवाकररावांची त्याबद्दल अजिबात तक्रार नव्हती. उभी नोकरी त्यांनी बदल्यांत काढली होती. सागर, छिंदवाडा, बालाघाट, भोपाळ, जिथे जातील तिथे त्यांच्यासोबत एक लोखंडी पेटी जायची. पेटी तशी भक्कम, पण बोरकुट्यांच्या संसारापुढे तिचं झाकण हात टेकायचं. ते लागावं म्हणून दिवाकररावांना वर बसावं लागे. सरिताबाई "बसा" म्हणायच्या, ते बसायचे, बाई कडी घालायच्या. एवढं झालं की बदली झाली असं समजायचं.

रायपूरला आल्यावर मात्र सरिताबाईंनी पेटी रिकामी करून भिंतीला लावली, तिच्यावर फुलाफुलांची चादर अंथरली आणि चादरीवर टीव्ही ठेवला. चौबे कॉलनीत हवेशीर घर मिळालं होतं. माहेरही रायपुरातच, जवळच्या तात्यापाऱ्यात, मनात आलं की चपला घालायच्या आणि निघायचं. बाईंना आयुष्यात आता दुसरं काही नको होतं.

"हे पेटी आता मी उघडत नाही," त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. "पुढची बदली झाली तं तुमी एकटे जा. मी अन् टीव्ही इथंच राहू."

असं सगळं सुखात चाललेलं असताना एके दिवशी दुबे साहेबांनी दिवाकररावांना बेडरूममध्ये बोलावलं.

त्या वर्षी अख्ख्या राज्याला रतनजोतीचं वेड लागलं होतं. बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, जिकडे पाहावं तिकडे रतनजोत लावत होते. तिच्या बियांपासून डिझेल निघणार होतं. पण ते काम दुसऱ्या खात्याकडे गेलं होतं आणि दुबे साहेबांना ते फार लागलं होतं. इंधन आपल्या खात्याच्या नावात आणि पेपरात फोटो दुसऱ्याचे, हे त्यांना बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी कुठेतरी वाचलं की परदेशात लोक तळणीच्या जुन्या तेलावर डिझेलच्या गाड्या चालवतात.

"समोसा तलो, तेल बचाओ, गाड़ी चलाओ," साहेब म्हणाले. "बोरकुटेजी, अपनी जीप इसी पर चलेगी. राज्योत्सव के पहले सचिव साहब खुद देखने आएँगे. मैंने कह दिया है."

"सर, पर अपनी जीप तो..."

"बोरकुटेजी," साहेब अगदी मायेने म्हणाले, "तबादलों की सूची बन रही है. जशपुर में बड़े बाबू की जगह खाली है. ठंडी जगह है, आपको अच्छा लगेगा."

दिवाकररावांच्या डोळ्यांसमोर आधी टीव्ही आला, मग फुलाफुलांची चादर आली, मग तिच्याखालची पेटी आली.

"हो जाएगा सर," ते म्हणाले.

कक्षाची जीपसुद्धा वाटणीतच आलेली होती. चालणाऱ्या गाड्या भोपाळवाल्यांनी ठेवून घेतल्या आणि उरलेल्या मोठ्या मनाने आपल्याला दिल्या, असं ड्रायव्हर भैय्यालालचं मत होतं. भैय्यालाल मूळचा गोंदियाकडचा. जीपबद्दल तो सासूबद्दल बोलावं तसा बोलायचा, पण रोज पुसायचाही.

"बाबूजी, हे गाडी डिझेलवर धड चालत नाही. तेलावर काय चालन?"

"चालावंच लागन, भैय्यालाल. मले जशपूरले जायचं नाही."

"जशपूर काही वाईट नाही जी. माही साळी राहाते तिथं."

"मंग तू जा."

जीप तात्यापाऱ्यात धर्मपाल मेकॅनिककडे नेली. धर्मपाल सरिताबाईंच्या माहेरच्या गल्लीतला, त्यामुळे त्याने भाचीच्या लग्नाचं काम असावं तसं हौसेने केलं. मागच्या सीटखाली दुसरी टाकी बसवली, गाळणी लावली आणि इंजिनाचं गरम पाणी टाकीतून फिरावं म्हणून तांब्याची नळी वळवून दिली. तळणीचं तेल जाड असतं, तापल्याशिवाय पुढे सरकत नाही.

"चालू करायची डिझेलवर," त्याने भैय्यालालला शिकवलं. "इंजिन तापलं का हा दांडा इकडं फिरवायचा, मंग तेल. बंद करायच्या आधी पुन्हा डिझेल. नाही तं तेल नळीत बसन, अन् गाडी तुमाले रस्त्यात बसवन."

सगळं सोपं होतं. आता फक्त तेल पाहिजे होतं, आणि तेलापाशीच घोडं अडलं.

सरकारी खरेदी म्हणजे दुकानदारांकडून लेखी भाव घ्यावे लागतात. दिवाकरराव जीपमधून उतरून एका हलवायाच्या दुकानात शिरले आणि सरळच विचारते झाले, "आपके यहाँ तलने का पुराना तेल कितना निकलता है?"

हलवायाने त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर उभ्या असलेल्या जीपवरच्या सरकारी पाटीकडे पाहिलं. मग दोन्ही हात कानांना लावले.

"पुराना तेल? हमारे यहाँ? साहब, कढ़ाई उतरी कि तेल नाली में!"

त्याच्या मागे कढईत डांबरासारखं तेल उकळत होतं. कारागीर कढईकडे पाठ करून, जमेल तेवढा रुंद होऊन उभा राहिला.

"घबराइए मत, हमको चाहिए. बस, लिखकर दे दीजिए कि इतना पुराना तेल है."

'लिखकर' हा शब्द ऐकताच हलवाई गल्ल्यामागून उठला. त्याने दिवाकररावांच्या हातात जिलेबीचा पुडा ठेवला, वर एक कचोरीचा ठेवला आणि हात जोडून त्यांना दाराबाहेर पोचवलं. पुढच्या दुकानातही तेच झालं. त्याच्या पुढच्या दुकानात ते पोचायच्या आत बातमी पोचली होती आणि तिथे कढई राखेने घासणं चालू होतं. संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजारात झालं की नवीन राजधानीचे भेसळ पकडणारे सुटलेत आणि जुनं तेल लेखी मागून राहिलेत. दुसऱ्या दिवशी सगळीकडे ताज्या तेलात तळण लागलं. कचोरीची चव बिघडली म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. वापरलेलं तेल म्हणून शहरात औषधालाही उरलं नाही.

दिवाकरराव रिकामा डबा घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. "सर, ताजा तेल ही डाल दें तो? मेकॅनिक बोलता है, चल जाएगा."

"लोगों के मुँह का तेल गाड़ी में?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "विधानसभा में सवाल लग जाएगा! योजना का नाम ही 'प्रयुक्त तेल योजना' है. तेल प्रयुक्त होना चाहिए, यानी इस्तेमाल किया हुआ." त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "तो प्रयुक्त कीजिए ना. आपका कमरा तो वैसे भी रसोई है."

अशा रीतीने सरकारी तेलाचे डबे आले, गॅस आला आणि कढई आली. कढईला दिवाकररावांनी कागदोपत्री 'प्रयुक्तीकरण पात्र' असं नाव दिलं, कारण नुसतं कढई म्हटलं की लेखा शाखेला नाश्त्याचा संशय येतो. पहिल्या दिवशी भैय्यालालने हात चालवला. त्याने बटाट्याचे काप कढईत टाकले आणि जीप धुवायला निघून गेला. न्हाणीघरातल्या फायलींपर्यंत धूर गेला. साहेबांनी एक काळा तुकडा चिमटीत धरून विचारलं, "ये क्या है?"

"आलू था, सर," दिवाकरराव म्हणाले.

त्या संध्याकाळी ते घरी येऊन टीव्हीसमोर बसले, पण टीव्ही लावला नाही. टीव्हीखालच्या चादरीकडे बघत राहिले.

"काय झालं? काहून असे बसले?" सरिताबाईंनी विचारलं.

"जशपूर," दिवाकरराव म्हणाले, आणि मग सगळंच बोलून मोकळे झाले.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदर खोचला. "एवढंच नं? चांगलं तेल घेऊन जुनं करायचं? बाप्पा, ते तं मी लग्न झाल्यापासून करून राहिली. उद्या येते मी."

दुसऱ्या दिवशी सरिताबाई ऑफिसात आल्या. त्यांनी ओट्यावरच्या फायली खिडकीत रचल्या, मसाल्याच्या खणातले शिक्के काढून तिथे मसाला ठेवला आणि उभा चिरलेला कांदा, ओवा, हिरवी मिरची घालून भज्यांचा पहिला घाणा काढला. हळूहळू बैठकीच्या खोलीतले कारकून स्वयंपाकघराच्या दारात जमले. काही वेळाने बेडरूमचं दार उघडलं. घाण्यामागून घाणे निघाले, आणि कढई निवल्यावर दिवाकररावांनी उरलेलं तेल फडक्यातून गाळून टाकीत ओतलं.

भैय्यालालने जीप चालू केली. इंजिन तापलं, दांडा फिरला. जीप खोकली, अंग झटकलं, थांबते की काय असं वाटलं, आणि मग एकदम गोड आवाजात चालायला लागली. मागून निघणाऱ्या धुराला कांद्याच्या भज्यांचा खमंग वास होता. चौकातला ट्रॅफिक पोलीस हात वर करायचं विसरून नाक वर करून उभा राहिला. एक स्कूटरवाला गल्ली सोडून त्यांच्या मागे मागे येत राहिला.

"बाबूजी, चालली जी!" भैय्यालाल ओरडला. "मायची आन, चालली!"

दिवाकररावांना भर चौकात रडू आलं. आपण आता इथून कुठे जात नाही, असं त्यांना वाटलं, आणि इतक्या वर्षांत प्रथमच आपल्या हातून काहीतरी घडलं असंही वाटलं.

पण जीपचा वास जिथे जिथे गेला तिथून माणसं यायला लागली. आधी शेजारच्या बंगल्यातलं खातं आलं. मग त्याच्या पलीकडचं आलं. सगळे 'अभ्यासासाठी' यायचे आणि चारच्या सुमारास यायचे. जीपला एक चक्कर मारायचे, टायरला बुटाने टोकरायचे आणि म्हणायचे, "गाड़ी तो देख ली, अब ज़रा प्रक्रिया भी देख लें." प्रक्रिया स्वयंपाकघरात होती. दुबे साहेब पाहुण्यांना स्वतः आत घेऊन यायचे आणि दारातूनच सांगायचे, "भाभीजी, चार लोगों की प्रक्रिया!" बेसनासाठी कारकुनांनी वर्गणी काढली. सरिताबाईंना तात्यापाऱ्यात जायला वेळ उरला नाही, तेव्हा तात्यापाराच ऑफिसात यायला लागला. भाऊ आला, वहिनी आली, वहिनीची बहीण आली. सगळ्यांना जीप पाहायची होती.

एकदा दिवाकररावांनी कढईत डोकावून पाहिलं आणि ते दचकले.

"अवं सरिता, तेल कुठं हाय?"

"हे काय, वाटीभर."

"सकाळी तं अख्खा डबा फोडला होता!"

"मंग? भजे काय कोरडे निघतेत? भजे तेल पेतेत, अन् भजे तुमचे साहेब खातेत. आता जीपचं तेल कुठं गेलं, ते तुमीच पाहा."

यात न समजण्यासारखं काही नव्हतं. दिवाकररावांनी खूप विचार करून कमी तेल पिणारा पदार्थ शोधला आणि दुसऱ्या दिवशी पापड तळायला लावले. तेल भरपूर उरलं. पण पाहुण्यांची तोंडं पडली आणि साहेब संध्याकाळी बेडरूममधून म्हणाले, "बोरकुटेजी, आज की प्रक्रिया में दम नहीं था." जशपूरचं नाव त्यांनी काढलं नाही, पण खिडकीबाहेर पाहताना ते अंगाला थंडी वाजल्यासारखे आखडले. पापड बंद झाले.

सचिव साहेब येण्याचा दिवस ठरला. दिवाकररावांनी रोजच्या कढईतलं थोडं थोडं तेल चोरून बाजूला काढलं आणि कसाबसा एक कॅन भरला. जीपची बंगल्याभोवती दोन चकरा होतील एवढं त्यात होतं. फोनवर सचिव साहेबांनी योजनेबद्दल एकच प्रश्न विचारला होता, "सुना है, गाड़ी से भजिया की खुशबू आती है?" साहेबांनी "जी सर" म्हटलं होतं. म्हणजे परीक्षा कशाची आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी दिवाकरराव सकाळपासून आवारात होते. चुन्याच्या रेषा मारून घेतल्या, जीपला झेंडूचा हार घातला, सायलेन्सर पुसून घेतला. दुपारी सचिव साहेबांचे खासगी सचिव, गनमॅन आणि दोन ड्रायव्हर 'व्यवस्था' पाहायला आले. दुबे साहेब त्यांना सरळ आत घेऊन गेले. बरोबर त्याच वेळी तेलाचा डबा संपला होता. सरिताबाईंनी तसं सांगितलं, पण साहेबांना ओट्याखाली एक भरलेला कॅन दिसला. "अरे, ये रहा!" ते म्हणाले, आणि त्यांनी तो स्वतःच्या हाताने कढईत रिकामा केला. बाई "अवो साहेब, ते..." म्हणेपर्यंत भजी फुलायला लागली होती.

हातावरचा चुना झटकत दिवाकरराव आत आले तेव्हा कॅन आडवा पडला होता.

"सर! ये तो गाड़ी का तेल था!"

दुबे साहेबांच्या तोंडात भजं होतं. त्यांनी ते न चावताच गिळलं. "तो गाड़ी में अब क्या है?"

"डीज़ल."

"तो डीज़ल पर चला दो. किसको पता चलेगा?"

"बास नहीं आएगी, सर."

सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत कढईवर आल्या. कढईत अजून तळाशी थोडं तेल होतं. तेवढ्यावर जीप फाटकापर्यंतही गेली नसती. पण भज्यांचे एकदोन घाणे आरामात निघाले असते.

"वासच पायजे नं?" सरिताबाईच म्हणाल्या. "मंग वास मी देते."

"सरिता, नको," दिवाकरराव म्हणाले. "चालत्या गाडीत कढई? काही झालं म्हणजे?"

"पेटी उघडायची हाय काय तुमाले?"

दिवाकरराव विटा आणायला गेले. जीपच्या मागच्या भागात विटा मांडल्या, विटांमध्ये छोटा गॅस घट्ट बसवला, त्यावर कढई. सरिताबाई भिजवलेल्या पिठाची पातेली घेऊन आत चढल्या आणि भैय्यालालने मागची ताडपत्री खाली सोडून दोरीने बांधली. जीपच्या आत आपली बायको बांधली जात आहे आणि आपण बाहेर हार सरळ करतो आहोत, हे पाहून दिवाकररावांना स्वतःची अतोनात लाज वाटली.

चारला सचिव साहेब आले. उंच, वाळलेले, गंभीर गृहस्थ. डॉक्टरांनी त्यांचं तळलेलं कधीच बंद केलंय, असं खासगी सचिव कानात सांगून गेले होते. जीप निघाली. बंगल्याभोवती पहिली चक्कर पूर्ण होता होता आवारभर वास पसरला. सचिव साहेबांचे डोळे आपोआप मिटले. चेहऱ्यावरच्या दोन सुरकुत्या कमी झाल्या. जीप थांबताच ते भराभर मागे गेले, वाकले, सायलेन्सरपाशी नाक नेऊन छाती भरून श्वास घेतला, आणि असे खोकायला लागले की गनमॅन धावला.

"यहाँ तो डीज़ल की बास है!" ते डोळे पुसत म्हणाले.

"सर, पुरानी गाड़ी है," दुबे साहेबांनी हात जोडले. "खुशबू आगे निकल जाती है, धुआँ पीछे रह जाता है."

सचिव साहेबांनी यावर थोडा विचार केला. "फिर से चलाओ," ते म्हणाले.

जीप पुन्हा निघाली. भैय्यालालची नजर आता रस्त्यापेक्षा सचिव साहेबांवरच जास्त होती. फाटकापाशी एक उंचवटा होता. एरवी भैय्यालाल तो टाळायचा, पण आज नेमकी जीप त्यावरून गेली. गाडी उसळली, ताडपत्री फडफडली, आतून "अवो मायवो!" असा आवाज आला, आणि ताडपत्रीच्या खालून एक टपोरं भजं बाहेर पडलं. ते चुन्याची रेष ओलांडून गडगडत आलं आणि सचिव साहेबांच्या बुटाला टेकून थांबलं. त्यातून वाफ निघत होती.

सचिव साहेब भज्याकडे पाहत होते.

"ये क्या है?"

"सर, ये..." दुबे साहेब खाली वाकून भजं निरखत म्हणाले, "उत्सर्जन है."

सचिव साहेब जीपपाशी गेले आणि त्यांनी ताडपत्री वर केली. आत सरिताबाई बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, केस सुटलेले, एका हाताने पदराने धरलेली कढई, दुसऱ्या हातात झारा. बाईंनी वर पाहिलं, समोर कोण आहे ते ओळखलं, आणि झाऱ्यातलं भजं तसंच पुढे केलं.

"गरम है साब. फूँक के खाओ."

सचिव साहेबांनी फुंकून खाल्लं. मग त्यांनी विचारलं, "गाड़ी किस पर चल रही है?"

दुबे साहेबांनी तोंड उघडलं, पण दिवाकररावांचं लक्ष बायकोच्या मनगटाकडे गेलं होतं. तिथे तेलाचा चटका बसून लाल डाग पडला होता. जशपूर गेलं खड्ड्यात, असं त्यांना वाटलं.

"डीज़ल पर, सर," ते पुढे होऊन म्हणाले. "तेल की भजिया बन गई."

"और ये भजिया?"

"वो योजना पर बन रही है, सर."

सचिव साहेबांनी खासगी सचिवांकडे एक तिरका कटाक्ष टाकला. ते बघत नाहीत अशी खात्री करून त्यांनी दुसरं भजं उचललं, मग तिसरं उचललं, आणि गाडीत बसून निघून गेले. धूळ बसल्यावर दुबे साहेब म्हणाले, "बोरकुटेजी, स्वेटर है ना आपके पास?"

पुढचे काही दिवस दिवाकररावांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. रात्री झोप नाही, ताटात लक्ष नाही. सरिताबाई मनगटाला मलम लावायच्या, चारला ऑफिसात जायच्या, तळायच्या आणि परत यायच्या. पेटीचं नाव दोघंही काढत नव्हते.

आणि मग यादी आली. दिवाकररावांनी ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली. बोरकुटे कुठेच नव्हते. उलट त्यांच्या नावाचा वेगळा आदेश होता, खुद्द सचिव साहेबांच्या सहीचा. दिवाकररावांनी तो खिशात घातला, वाटेत पेढे घेतले आणि जवळजवळ पळतच ते चौबे कॉलनीत घरी आले.

टीव्ही जमिनीवर ठेवलेला होता. चादरीची घडी टीव्हीवर होती. पेटीचं झाकण उघडं होतं आणि सरिताबाई आत साड्या रचत होत्या.

"अवं, हे काय करून राहिली?" दिवाकररावांना हसू आवरेना. "बंद कर ते! यादीत नावच नाही आपलं! हे पाहा, आदेश हाय. प्रयोग चालू राहीन. सगळ्या जिल्ह्यांचे लोक रोज चार वाजता पाहाले येतीन. बाहेरच्या राज्यांचेबी येतीन. प्रयोग संपेपर्यंत बोरकुट्यांची बदली त्यांनी स्वतः मागितल्याशिवाय करू नये, असं साफ लिहिलं हाय. अन् खाली पाहा, तुहंही नाव हाय. प्रात्यक्षिकाले श्रीमती बोरकुटे यांची उपस्थिती आवश्यक!"

"माहीत हाय मले," सरिताबाई साडीची घडी दाबत म्हणाल्या. "सकाळीच भैय्यालाल ते देऊन गेला."

त्यांनी हनुवटीने कोपरा दाखवला. कोपऱ्यात भिंतीला टेकवून एक कढई उभी होती. लग्नकार्याला आचारी आणतात तसली. तिच्या काठावर पांढऱ्या रंगाने खात्याचं नाव घातलेलं होतं. दिवाकररावांचं हसू हळूहळू मावळलं.

"पण सरिता, तात्यापारा? माहेर?"

"माहेर रोज भजे खाले येते ऑफिसात. थोडे दिवस त्याले घरीच राहू द्या." त्यांनी शेवटची साडी ठेवली. "उद्या जशपूरचा अर्ज द्या तुमी. ते जागा अजून खाली हाय, भैय्यालालच्या साळीले विचारलं मी. स्वेटर वरतं ठेवले."

दिवाकररावांनी आदेशाकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, बायकोच्या मनगटावरच्या डागाकडे पाहिलं. मग त्यांनी पेढ्यांचा पुडा स्वेटरांच्या मध्ये, दबणार नाही अशा बेताने ठेवला. सरिताबाईंनी झाकण खाली ओढलं. ते नेहमीसारखंच अर्ध्यावर अडलं.

"बसा," सरिताबाई म्हणाल्या.

दिवाकरराव बसले.